रेडिएटरचा पंखा फिरत नाही: विजेचा बिघाड शोधताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऊन तापायला लागलं की गाडी गरम होण्याचे प्रश्न सुरू होतात. मोठे दोन-तीन पाऊस झाले की तेच प्रश्न पुन्हा येतात, फक्त तेव्हा सोबत उंदीर आणि साचलेलं पाणीही असतं. इथे पंख्याच्या विजेच्या बाजूचेच प्रश्न घेतले आहेत, तेही १२ व्होल्टच्या विजेच्या पंख्याचे. पट्ट्यावर फिरणाऱ्या पंख्याच्या गाड्यांना यातलं फारसं लागू नाही. वायरचा रंग आणि फ्यूजची जागा मॉडेलगणिक बदलते, म्हणून आपल्या गाडीचा वायरिंग डायग्राम मिळवून ठेवा. निम्मं काम तिथेच होतं.

१. गाडी गरम होतेय. दोष पंख्याचाच आहे हे कसं ओळखू?

गाडी कधी गरम होते ते बघा. सिग्नलला, टोलच्या रांगेत, पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून थांबल्यावर काटा चढतो आणि गाडी मोकळ्या रस्त्याला लागली की उतरतो, तर संशय पंख्यावर. साठ-सत्तरच्या वेगात समोरून येणारा वाराच रेडिएटरला पुरतो, तिथे पंख्याचं काम नसतं. उलट हायवेवर सरळ चालताना गाडी गरम होत असेल तर कूलंट कमी आहे का, थर्मोस्टॅट अडकलाय का, रेडिएटर आतून-बाहेरून चोंदलाय का, वॉटर पंप चालतोय का, हे आधी पाहा. तिथे पंख्याच्या वायरी उकलत बसू नका.

आणखी एक खूण लोक लक्षात घेत नाहीत. सिग्नलला एसी कोमट हवा देतो आणि गाडी चालू लागली की पुन्हा गार. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढेच असतो आणि त्यालाही थांबलेल्या गाडीत पंखाच वारा देतो. पंखा बंद पडला की बऱ्याचदा पहिली तक्रार एसीची येते, आणि माणूस गॅस भरून घेतो.

घाट हा मधला प्रकार आहे. खंबाटकी किंवा कसारा चढताना वेग कमी आणि इंजिनावर भार जास्त असतो, त्यामुळे तिथे गरम झालेल्या गाडीत दोष दोन्हीकडे असू शकतो.

२. सकाळी गाडी सुरू करून पाहिली, पंखा फिरत नाही. बिघाड समजायचा का?

नाही. थंड इंजिनाला पंखा लागतच नाही. बहुतेक गाड्यांत कूलंट साधारण ९५ ते १०० अंश सेल्सिअसला पोचल्यावर पंखा सुरू होतो आणि काही अंश उतरल्यावर बंद होतो. थंडीत उभ्या गाडीला तिथवर यायला पंधरा-वीस मिनिटंही लागतात. डिझेल गाडी नुसती उभी ठेवली तर त्याहून जास्त.

लगेच बघायचं असेल तर एसी लावा. बहुतेक गाड्यांत कॉम्प्रेसर चालू झाला की पंखाही चालू होतो. काहींत मात्र एसीच्या गॅसचा दाब वाढेपर्यंत तो थांबतो, म्हणून दोन-चार मिनिटं धीर धरा.

डॅशवरच्या काट्यावर फार विसंबू नका. अनेक गाड्यांत तो मुद्दाम मध्यावर स्थिर ठेवलेला असतो आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. बऱ्याच छोट्या गाड्यांत तर काटाच नाही, थंडीचा निळा दिवा आणि गरमीचा लाल दिवा, बस. काही शे रुपयांत मिळणारा ओबीडीचा (गाडीच्या तपासणीच्या सॉकेटला लावायचा) ब्लूटूथ डोंगल मोबाइलवर खरं तापमान दाखवतो. हा खर्च लवकर वसूल होतो.

३. पंख्यापर्यंत वीज येते कशी? सोप्या शब्दांत सांगा.

दोन वेगळे रस्ते आहेत आणि ते रिलेत, म्हणजे विजेने चालणाऱ्या स्विचमध्ये, भेटतात.

मोठा रस्ता असा: बॅटरी, मोठा फ्यूज (बहुधा ३० किंवा ४० अँपिअर), रिलेचे संपर्क, पंख्याची मोटर, आणि तिथून अर्थ, म्हणजे गाडीची बॉडी. या रस्त्यावरून दहा-वीस अँपिअर धावतात.

छोटा रस्ता रिलेच्या कॉइलचा. कॉइलमधून प्रवाह गेला की रिले ओढतो, म्हणजे त्याचे संपर्क जुळतात. कॉइलच्या एका टोकाला इग्निशनची वीज येते, दुसरं टोक इंजिनाचा कंप्युटर, म्हणजे ईसीएम, अर्थला जोडतो. इथून जेमतेम दीडेकशे मिलिअँपिअर जातात. कूलंटचा सेन्सर ईसीएमला तापमान सांगतो, कधी अर्थ द्यायचा ते ईसीएम ठरवतो. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत ईसीएम नव्हता. रेडिएटरवर किंवा इंजिनावर बसवलेला थर्मोस्विच ठरावीक तापमानाला आतून जुळायचा आणि पंखा फिरायचा.

पंखा फिरत नाही याचा अर्थ या दोनपैकी एक रस्ता तुटलाय. कोणता, ते ठरवण्याआधी पार्ट बदलणं म्हणजे पैसे घालवणं. सेन्सर बदलला, रिले बदलला, शेवटी अख्खा पंखा बदलला आणि दोष निघाला अर्थच्या बोल्टवर, असं सांगणारे कमी नाहीत.

४. घरी तपासायला काय काय सामान लागेल?

साधा डिजिटल मल्टिमीटर, २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब दोन वायरींना जोडून केलेला टेस्ट लॅम्प, आणि मधे फ्यूज होल्डर असलेली दीड-दोन हात लांबीची जाड वायर. बारीक वायरीने पंखा डायरेक्ट देऊ नका, हातातच तापते.

दोन गोष्टी सक्तीच्या. इग्निशन चालू असताना, काही गाड्यांत बंद असतानाही, पंखा कुठल्याही क्षणी फिरू शकतो, म्हणून ओढणी, सैल बाही, बोटं पात्यांपासून लांब. आणि गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर असूनही उकळत नाही; झाकण सैल होताच ते क्षणात वाफ होऊन अंगावर येतं.

५. तपासणी सुरू कुठून करायची? पंख्यापासून, सेन्सरपासून की फ्यूजपासून?

रिलेच्या सॉकेटपासून. दोन्ही रस्ते तिथे एकत्र येतात, आणि तिथे उभं राहून चार पिनांना चार प्रश्न विचारले की दोष कुठल्या बाजूला आहे ते कळतं. बॉनेटखालच्या फ्यूजबॉक्सच्या झाकणावर रिलेची जागा छापलेली असते. इग्निशन बंद करून रिले उपसा. त्याच्या पायांवर बहुधा ३०, ८७, ८५, ८६ असे आकडे असतात. त्यावरून सॉकेटमधली भोकं ओळखा.

पहिली पिन ३०. टेस्ट लॅम्पचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इथे. लॅम्प लख्ख पेटला पाहिजे, बहुतेक गाड्यांत चावी नसतानाही. पेटत नसेल तर दोष बॅटरी ते रिले या टप्प्यात, म्हणजे फ्यूज किंवा त्याच्या अलीकडचं (प्रश्न ६).

दुसरी ८७. फ्यूजवाल्या जाड वायरीने ३० आणि ८७ जोडा. पंखा फिरला की मोठा रस्ता जवळपास मोकळा झाला: फ्यूज, वायर, मोटर, अर्थ, सगळं. एवढ्या एका जोडणीने निम्मी गाडी संशयातून सुटते. आता फक्त रिले आणि छोटा रस्ता उरला. पंखा नाही फिरला तर मोटरच्या कपलरकडे (वायरी जोडणाऱ्या प्लगकडे) चला (प्रश्न ८ ते १०).

तिसरी ८६. चावी ऑन करून मीटरने बॅटरी निगेटिव्हच्या संदर्भात मोजा, बारा व्होल्टच्या आसपास मिळाले पाहिजेत. नसतील तर इग्निशनकडून किंवा मेन रिलेकडून येणारा पुरवठा तुटलाय.

चौथी ८५, ईसीएमकडून येणारी. रिले परत बसवा, मीटरची बारीक पिन वायरीच्या मागच्या बाजूने ८५ ला टेकवा आणि एसी लावा किंवा स्कॅनरवरून (ईसीएमशी जोडायच्या तपासणी यंत्रावरून) पंखा चालू करायची आज्ञा द्या. आज्ञेआधी इथे बारा व्होल्ट दिसतात आणि आज्ञा मिळताच ते शून्याजवळ उतरले पाहिजेत. उतरले आणि रिले ओढत नाही, तर रिले मेलेला. उतरलेच नाहीत, तर प्रश्न १३, १४ आणि १५ वाचा. या पिनला २१ वॅटचा लॅम्प लावू नका, तेवढा भार ईसीएमच्या आतल्या ड्रायव्हरसाठी (अर्थ जोडणाऱ्या छोट्या इलेक्ट्रॉनिक स्विचसाठी) नसतो.

काही गाड्यांत ८५ आणि ८६ उलट वापरलेल्या असतात, म्हणून डायग्राम समोर हवाच.

६. फ्यूज डोळ्यांना चांगला दिसतो. तरी तो खराब असू शकतो का?

हो. तार दिसायला सलग असते, पण पायाशी बारीक तडा गेलेला असतो. फ्यूज जागेवर असतानाच टेस्ट लॅम्पने त्याची दोन्ही टोकं तपासा, दोन्हीकडे सारखा उजेड हवा.

फ्यूज काढल्यावर त्याचे पाय आणि खालचं प्लास्टिकही बघा. पाय निळसर-काळे पडलेत, प्लास्टिक एका बाजूने पिवळं होऊन वितळलंय, तर सॉकेटची पकड सैल झालेली आहे. नवा फ्यूज तिथे चार दिवस चालेल आणि पुन्हा तापेल. आतला टर्मिनलच बदलावा लागतो.

रंगावरून आकडा ठरवताना जपा. चपट्या पात्याच्या फ्यूजमध्ये हिरवा म्हणजे ३० अँपिअर, पण खोक्यासारख्या मोठ्या फ्यूजमध्ये हिरवा ४० चा आणि गुलाबी ३० चा. वर छापलेला आकडा वाचा.

७. फ्यूज सारखा उडतो. एक नंबर मोठा टाकला तर?

टाकू नका. फ्यूजचा आकडा वायरीच्या जाडीवरून ठरलेला असतो. मोठा फ्यूज टाकला की उडायची पाळी वायरीवर येते, आणि वायर उडते म्हणजे पेटते.

कधी उडतो त्यावरून कारण शोधा. मोटरचा कपलर काढून ठेवल्यावरही रिले ओढताक्षणी उडत असेल तर वायर कुठेतरी बॉडीला घासून शॉर्ट झालीय. रेडिएटरच्या पट्टीखाली, बॅटरी ट्रेच्या कडेला, जिथे जिथे वायर वळते तिथे बघा. कपलर लावल्यावरच उडत असेल तर मोटर. दहा-पंधरा मिनिटं चालून उडत असेल तर मोटर जड फिरतेय: बेअरिंग सुकलंय, पातं घासतंय किंवा आत गंज आहे. इग्निशन बंद करून, कपलर काढून पंखा हाताने फिरवा. टिचकी मारल्यावर तो एक-दोन फेरे सहज घ्यायला हवा.

८. मोटरच्या कपलरवर मीटर पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो, पण पंखा हलत नाही. मोटरच गेली ना?

घाई नको. या पानावर सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट हीच आहे. मल्टिमीटर स्वतः जवळजवळ काहीच विद्युतप्रवाह ओढत नाही. वायरीच्या सगळ्या तारा तुटून एकच शिल्लक असली तरी मीटरला त्या एका तारेतून बारा व्होल्ट पोचतात. पंख्याला पंधरा अँपिअर हवे असतात, ते त्या तारेतून जात नाहीत.

म्हणून भार लावून मोजा. कपलरच्या दोन पिनांत जुना हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब जोडा. तो साडेचार अँपिअरच्या आसपास ओढतो. बल्ब लख्ख पेटला तर पुरवठा आणि अर्थ बरे आहेत आणि आता मोटरवर बोट ठेवता येईल. बल्ब लालसर, मेल्यासारखा पेटला तर वाटेत अडथळा आहे.

अडथळा कुठे ते व्होल्टेज ड्रॉपने सापडतो. पंखा किंवा बल्ब जोडलेला आणि चालू ठेवून मीटरची लाल पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हला, काळी मोटरच्या पॉझिटिव्ह पिनला लावा. अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं. पंखा अडखळत फिरत असेल आणि तीन व्होल्ट दिसले तर ते तीन व्होल्ट वाटेत उष्णता होऊन जातायत. पंधरा अँपिअरला तीन व्होल्ट म्हणजे ४५ वॅट, एका कपलरमध्ये. कपलर तपकिरी होऊन वितळतो तो यामुळे. मग काळी पिन एकेक टप्पा मागे आणा, रिलेची ८७, मग ३०, मग फ्यूज. आकडा जिथे एकदम पडतो तिथे दोष.

९. अर्थ कसा तपासायचा? तो तर बॉडीला बोल्टने घट्ट दिसतो.

घट्ट दिसणं आणि वीज जाणं वेगळं. वर सांगितल्याप्रमाणेच पंखा चालू ठेवून मोटरची निगेटिव्ह पिन आणि बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल यांच्यात मोजा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त असेल तर अर्थ साफ करायचा. तात्पुरती एक जाड वायर मोटरच्या निगेटिव्हपासून थेट बॅटरीला दिल्यावर पंखा जोरात फिरला, तर खात्रीच.

हा बोल्ट बहुधा हेडलाइटच्या मागे किंवा बॅटरी ट्रेखाली असतो. बॅटरीचं ॲसिड तिथेच ओघळतं, आणि कोकणात खारी हवा उरलेलं काम करते. रिंग टर्मिनल सोडवून बघा, खाली हिरवट-पांढरी भुकटी असेल. पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत घासा, घट्ट करा, वरून थोडं ग्रीस लावा.

पुढून ठोकर बसून डेंटिंग-पेंटिंग झालेल्या गाडीत रिंगखाली रंग राहिलाय का ते बघा. गाडी नवीकोरी दिसते आणि पंखा तेव्हापासूनच रुसलेला असतो.

१०. पंखा बॅटरीवरून डायरेक्ट दिला तर फिरतो. मग मोटर चांगली समजायची?

बहुधा, पण नक्की नाही. मोटरचे कार्बन ब्रश झिजले की ती कधी उठते, कधी उठत नाही. बंद पडलेली असताना मोटरच्या मागच्या बाजूला लाकडी दांड्याने हलकेच टकटक करा. तेवढ्याने फिरायला लागली तर ब्रश संपलेत. पाती धरून पुढे-मागे हलवल्यावर दांडा खडखडत असेल तर बुशही गेलीय.

डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर असेल तर चालू मोटरचा प्रवाह बघा. घरगुती वायरिंगवाल्यांकडचा क्लॅम्प बहुधा फक्त एसी मोजतो, तो इथे शून्यच दाखवेल.

११. रिलेतून टक असा आवाज येतो. म्हणजे रिले ठीक?

कॉइल ठीक. संपर्क जळलेले असू शकतात. शेजारी हॉर्नचा किंवा दुसरा तसाच रिले असतो, अदलाबदल करून बघा, फुकटची चाचणी आहे.

अदलाबदल करताना मात्र दोन्हींवरचा नंबर आणि आकृती जुळवा. बाहेरून सारखे दिसणारे दोन प्रकार बाजारात आहेत, त्यांत ३० आणि ८६ च्या जागा एकमेकींशी बदललेल्या असतात. शिवाय काही रिलेंच्या आत डायोड, म्हणजे एकाच दिशेने प्रवाह जाऊ देणारा भाग, असतो. तो उलट पडला तर कॉइलमधून न जाता प्रवाह सरळ ईसीएमवर जातो, आणि पन्नास-शंभर रुपये वाचवायच्या नादात ईसीएमचा ड्रायव्हर उडतो.

रिलेच्या कॉइलचा रोध साधारण ७० ते १२० ओहम असतो. अनंत दाखवला तर कॉइल तुटलेली.

१२. कधी फिरतो, कधी नाही. गॅरेजमध्ये नेला की व्यवस्थित चालतो. काय करू?

चालत असताना काही सापडणार नाही, बंद असतानाच पकडावा लागतो. बोनेट उघडं ठेवून गाडी तापवा. पंखा चालायला हवा आणि चालत नाही, त्या क्षणी काहीही न हलवता रिलेला बोट लावा. ओढलाय असं जाणवलं तर दोष मोठ्या रस्त्यावर, नाही तर छोट्या. मग एकेक कपलर आणि वायरीचा वळसा हलकेच हलवा. एकाच वेळी दोन गोष्टी हलवू नका.

गरम झाल्यावरच बंद पडणारा आणि थंड झाल्यावर सुधारणारा पंखा असेल तर मोटर किंवा रिलेचे संपर्क. खड्ड्यांवर बंद पडणारा असेल तर कपलर किंवा अर्थ.

१३. स्कॅनरवर पी-०४८० कोड आला आणि गॅरेजवाले पंखा बदला म्हणतात. बरोबर आहे का?

पी-०४८० म्हणजे पंखा क्रमांक १ चं नियंत्रण सर्किट. रिलेवर चालणाऱ्या गाडीत ईसीएम फक्त रिलेच्या कॉइलची बाजू बघू शकतो, मोटरकडे त्याचं लक्ष जातच नाही. म्हणजे हा कोड आला तर आधी कॉइल, तिचा पुरवठा आणि ८५ ची वायर तपासायची. याची दुसरी बाजू अशी की मोटर पूर्ण जळालेली असूनही अशा गाडीत एकही कोड येत नाही. स्कॅनर स्वच्छ म्हणून पंखा चांगला, असं होत नाही.

पी-०११७ आणि पी-०११८ हे कूलंट सेन्सरचे. पहिला बहुधा शॉर्टचा, दुसरा तुटलेल्या वायरीचा. त्यासाठी पुढचा प्रश्न.

१४. कूलंट सेन्सर तपासायचा कसा?

रात्रभर उभ्या गाडीत, इंजिन सुरू न करता, स्कॅनरवर कूलंटचं तापमान आणि इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान बघा. दोन-चार अंशांच्या आत जुळायला हवीत. कूलंट वीसेक अंशांनी भलतंच सांगत असेल तर सेन्सर किंवा त्याची वायर खोटं बोलतेय.

सेन्सर तापला की त्याचा रोध कमी होतो. बऱ्याच गाड्यांत २० अंशांना दोन-तीन हजार ओहम आणि ८० अंशांना तीनशेच्या आसपास. कपलर काढल्यावर स्कॅनरवर बहुधा उणे ४० येतं, आणि कपलरच्या दोन पिना तारेने जोडल्या की आकडा एकदम वर जातो. दोन्ही झालं तर वायर आणि ईसीएम बरे आहेत, सेन्सर बदला. त्यात पाच व्होल्टचा संदर्भ असतो, तिथे चुकूनही बारा व्होल्ट देऊ नका.

सेन्सर बरोबर असूनही चुकतो अशी एक परिस्थिती आहे. कूलंट बदलताना हवा अडकली तर सेन्सरभोवती पाणीच नसतं, तो हवेचं तापमान सांगत बसतो आणि पंखा उशिरा येतो. सीएनजी गाडीत हे जास्त, कारण गॅसचा रिड्यूसर (दाब कमी करणारा भाग) गोठू नये म्हणून कूलंटच्या दोन बारीक नळ्या तिथवर नेलेल्या असतात, आणि हवा अडकायला व गळती व्हायला जागा वाढते. किट बसवल्यापासून तक्रार असेल तर त्या नळ्या आधी बघा.

१५. ८५ वर अर्थ येत नाही. ईसीएम बदलायला सांगितलाय, खर्च मोठा आहे.

थांबा. ईसीएम अर्थ देत नसेल तर त्याला कारण मिळालेलं नसेल (सेन्सर गार सांगतोय), किंवा वायर मध्येच तुटली असेल. रिलेच्या सॉकेटपासून ईसीएमच्या कपलरपर्यंत वायर सलग आहे का ते बॅटरी सोडवून मोजा. ईसीएमच्या स्वतःच्या अर्थच्या पिनाही बघा. हे सगळं बरोबर आणि स्कॅनरने दिलेली आज्ञाही पिनवर पोचत नाही, तेव्हाच ईसीएमचं नाव घ्या. तेव्हाही आधी दुरुस्तीचं विचारा, कारण बऱ्याचदा आतला एक ड्रायव्हरच गेलेला असतो, बाकी बोर्ड शाबूत असतं.

१६. एसी लावला की पंखा फिरतो, पण गाडी गरम झाली तर फिरत नाही.

मोटर, फ्यूज, अर्थ यांना सुट्टी द्या. एसीची आज्ञा पोचते, तापमानाची पोचत नाही. सेन्सर, अडकलेली हवा किंवा थर्मोस्विच (प्रश्न १४). दोन पंख्यांच्या गाडीत एसीवर फिरणारा दुसराच पंखा असू शकतो, म्हणून कोणता फिरतो ते आधी डोळ्यांनी बघा.

१७. पंखा बंदच होत नाही, चावी काढली तरी.

चावी काढल्यावर काही मिनिटं फिरून थांबत असेल तर अनेक गाड्यांत ती सोयच आहे. थांबतच नसेल तर रिले उपसा. थांबला तर रिले आतून चिकटलाय किंवा ईसीएमची आज्ञा चालूच आहे; नवा रिले लावून ठरवा. रिले काढूनही फिरत असेल तर कोणीतरी डायरेक्ट वायर दिलेली आहे, ती शोधा. रात्रभर असाच राहिला तर सकाळी बॅटरी गेलेली असेल.

फक्त इंजिन चालू असताना, अगदी थंडीतही, पंखा सुरुवातीपासून जोरात चालत असेल तर बहुधा सेन्सरची वायर तुटलीय. तापमान कळेनासं झालं की ईसीएम सावधगिरी म्हणून पंखा चालूच ठेवतो.

१८. पूर्वी पंखा हळू फिरायचा, आता एकदम विमानासारखा आवाज करत सुरू होतो.

हळू वेग गेलाय. अनेक गाड्यांत हळू वेगासाठी वाटेत एक रेझिस्टर असतो, पंख्याच्या चौकटीवर बसवलेला, आणि तो जळतो. मग तापमान वरच्या टप्प्यापर्यंत चढतं आणि पंखा थेट पूर्ण वेगाने उठतो. दोन पंख्यांच्या काही गाड्यांत रेझिस्टर नसतो. हळू वेगाला दोन्ही मोटरी एकापाठोपाठ एक जोडल्या जातात, जोरात असताना समांतर. तिथे एक मोटर मेली की हळू वेगात दोन्ही बंद. ही गाठ न कळल्यामुळे चांगले रिले बदलले जातात.

१९. गाडी पाण्यातून गेली, तेव्हापासून पंखा बंद. आणि दुसरं, उंदरांनी वायर खाल्लीय.

फिरता पंखा पाण्यात बुडला की मोटरवर अचानक भार येतो, फ्यूज उडतो किंवा पातं तुटतं. फ्यूज बदलण्याआधी पंखा हाताने फिरवून बघा आणि कपलर उघडून वाळवा. पाणी आत गेलेली मोटर आज चालेल आणि महिन्या-दोन महिन्यांनी गंजून अडकेल, तेव्हा लांबच्या प्रवासाआधी पुन्हा बघा.

उंदराचं खाणं बहुधा बारीक वायरींवर असतं, सेन्सर आणि ८५ ची. जोड देताना नुसता पीळ मारून टेप गुंडाळू नका. सोल्डर करा किंवा क्रिंप करा, वरून हीट श्रिंक नळी चढवा आणि जोड एकाखाली एक न येता पुढे-मागे राहतील असे ठेवा.

२०. वाटेतच पंखा बंद पडला, गॅरेज दूर आहे. कशी पोचवू?

एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर पूर्ण जोरात, काचा खाली. हीटर हा छोटा रेडिएटरच आहे. मे महिन्यात नागपुरात हे सुखाचं नाही, पण इंजिन वाचतं. गर्दीचा रस्ता टाळा, चालत राहा. लाल दिवा लागला किंवा काटा लालमध्ये गेला की लगेच कडेला घेऊन इंजिन बंद करा. पाणी ओतायची घाई करू नका.

ईसीएमच्या बहुतेक गाड्यांत कूलंट सेन्सरचा कपलर काढला की पंखा आपोआप चालू होतो (कारण प्रश्न १७ मध्ये). मोठा रस्ता शाबूत असेल तरच. हे करताना काटा आंधळा होतो आणि इंजिन थंड समजून जास्त पेट्रोल जातं, म्हणून जवळच्या गॅरेजपर्यंतच.

२१. केबिनमध्ये स्विच बसवून पंखा हातानेच चालवला तर?

छोट्या टॉगल स्विचमधून थेट पंख्याचा प्रवाह नेला तर स्विच वितळतो. बसवायचाच असेल तर स्विचने वेगळ्या रिलेची कॉइल चालवा आणि मोठ्या वायरीत योग्य फ्यूज घाला. पण हात विसरतो, ईसीएम विसरत नाही, शिवाय वॉरंटीतल्या गाडीत असा बदल केला की पुढे वाद होतो. माझं मत: मूळ दोष शोधा.

२२. माझ्या गाडीत पंख्याला जाड दोन आणि बारीक एक-दोन वायरी आहेत, रिले सापडत नाही.

तुमच्या पंख्यावरच कंट्रोल मॉड्यूल आहे. ईसीएम त्याला झपाट्याने चालू-बंद होणारा संदेश पाठवतो आणि मॉड्यूल वेग कमीजास्त करतं. प्रश्न ५ मधली जोडणी इथे करू नका. जाड वायरींवर भारासह वीज आणि अर्थ तपासा, बारीक वायर ईसीएमपर्यंत सलग आहे का बघा. दोन्ही ठीक तर मॉड्यूल किंवा मोटर, आणि अनेक गाड्यांत ते एकत्रच मिळतं. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी (उच्च व्होल्टेजच्या) वायरींना हात लावायचा नाही. तिथला पंखा चार्जिंग चालू असतानाही उठू शकतो.

२३. नवी मोटर बसवली, पंखा जोरात फिरतो, तरी गाडी गरमच.

उलटा फिरत असेल. डीसी मोटरच्या दोन वायरी बदलल्या गेल्या की ती उलट दिशेने तितक्याच उत्साहाने फिरते. बहुतेक गाड्यांत पंखा रेडिएटरच्या मागे, इंजिनाच्या बाजूला असतो आणि वारा बाहेरून आत ओढतो. पंखा चालू असताना वर्तमानपत्राचा तुकडा पुढच्या जाळीजवळ धरा. जाळीला चिकटला तर दिशा बरोबर, बाहेर फडफडला तर उलट. उलट असेल तर कपलरच्या मागच्या दोन पिना काढून अदलाबदल करा. वायरी कापायची गरज नसते.